पुढच्यास ठेच लागली, मागचा शहाणा झाला का?

सावनी_येना

गेली नऊ वर्षे आम्ही पूर्व जर्मनीत, थुरिंगिया राज्यातल्या येना या गावी राहतो. आमच्या इमारतीच्या दाराशी फरसबंदीत पितळी पत्र्याचे दोन चौकोनी दगड बसवलेले आहेत, दोन्ही बाजूंनी जेमतेम दहा सेंटिमीटर. एकावर आईचे नाव आहे, दुसऱ्यावर तिच्या मुलीचे. ‘येथे राहत होती’, मग नाव, जन्मवर्ष, १९४२ साली कोठे पाठवले त्या गावाचे नाव आणि शेवटी ‘हत्या’. एवढाच मजकूर. या दगडांना जर्मनमध्ये श्टोल्परश्टाइन म्हणतात, म्हणजे ठेच लागणारा दगड. गुंटर डेमनिग या कलाकाराने १९९२ साली कलोनमध्ये पहिला दगड बसवला आणि मे २०२३ मध्ये न्यूरेंबर्गमध्ये एक लाखावा. खरे तर पायाला त्याची ठेच लागत नाही, कारण तो रस्त्याच्या पातळीतच असतो, पण नाव वाचायचे तर थांबावे लागते आणि वाकावे लागते.

दरवर्षी ९ नोव्हेंबरला, म्हणजे १९३८ साली ज्या रात्री देशभर ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेली त्या तारखेला, गावातले लोक हे दगड घासून लख्ख करतात. पहिल्या वर्षी मी सवयीने चिंच कोळून नेली होती, आई देवाची उपकरणी घासते तशी. शेजारच्या आजी काही न बोलता पाहत राहिल्या आणि पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःहून वाटी पुढे केली. तेव्हापासून आम्ही दोघी मिळून ते दोन दगड घासतो.

याच राज्यात १ सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे दुसरे महायुद्ध ज्या तारखेला सुरू झाले त्याच तारखेला, विधानसभेच्या निवडणुकीत एएफडी या अतिउजव्या पक्षाला ३२.८ टक्के मते मिळून तो पहिला आला. युद्धानंतर जर्मनीतल्या कोणत्याही राज्यात असे प्रथमच घडले. फेब्रुवारी २०२५ च्या संसदीय निवडणुकीत त्याला देशात २०.८ टक्के मते मिळाली आणि आमच्या राज्यात त्याहून कितीतरी जास्त. माझा मुलगा नववीत आहे आणि नोव्हेंबरमध्ये त्याचा वर्ग बुखेनवाल्डची छळछावणी पाहायला जाणार आहे. परवा त्याने विचारले, “आई, शाळेत शिकवतात, दारात दगड आहेत, छावणी तासाभरावर आहे. सगळ्यांना सगळे माहीत असताना तिघांतला एक जण त्यांना मत का देतो?”

मला उत्तर देता आले नाही. आपल्याकडे ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ असे म्हणतात. इथे तर ठेच लागावी म्हणून रस्त्यात दगड बसवले आहेत. मग शहाणपण कोठे अडते? युरोपात राहणाऱ्यांनी आणि इतिहासाच्या जाणकारांनी कृपया लिहावे.

रेवती

चिंचेचे वाचून डोळ्यांत पाणी आले. उत्तर माझ्यापाशी नाही, पण धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

जुना_इतिहासशिक्षक

सावनीताई, तुमच्या मुलाच्या प्रश्नात एक गृहीतक आहे आणि ते आधी तपासायला हवे. जर्मनीने युद्ध संपताच आपला अपराध कबूल केला आणि तेव्हापासून ती अखंड आठवण जपत आली, असे आपण धरून चालतो. तसे घडलेले नाही. पन्नासच्या दशकात पश्चिम जर्मनीत याविषयी बोलणे जवळजवळ बंद होते, आणि अनेक जुने न्यायाधीश, अधिकारी व प्राध्यापक आपापल्या खुर्च्यांवर परतले होते. फ्रिट्झ बाउअर या सरकारी वकिलाने चिकाटीने लावून धरल्यामुळे १९६३ ते १९६५ या काळात फ्रँकफुर्टमध्ये आउश्वित्झ या मृत्युछावणीतल्या अत्याचारांचा खटला चालला, तेव्हा पहिल्यांदा सामान्य जर्मन माणसाने वृत्तपत्रात रोज तपशील वाचले. डिसेंबर १९७० मध्ये चॅन्सेलर विली ब्रांट वॉर्सातल्या ज्यू वस्तीच्या स्मारकापुढे गुडघे टेकून बसले, तेव्हा देशातल्या कितीतरी लोकांना ते मुळीच आवडले नव्हते. ८ मे १९४५ हा पराभवाचा नव्हे तर मुक्तीचा दिवस आहे, असे राष्ट्राध्यक्ष वाइत्सेकर यांनी संसदेत म्हणायला १९८५ साल उजाडावे लागले. बर्लिनच्या मध्यभागी २७११ काँक्रीटच्या ठोकळ्यांचे स्मारक झाले ते तर २००५ साली.

हे सगळे पश्चिमेचे झाले. तुम्ही राहता त्या पूर्वेत वेगळीच गोष्ट घडली. तिथल्या साम्यवादी राजवटीने आपण जन्मतःच फॅसिझमविरोधी आहोत, नाझी सगळे सीमेपलीकडे पश्चिमेत राहिले, असे जाहीर करून टाकले. १९५८ साली बुखेनवाल्डला भव्य स्मारक उभे राहिले, पण त्यात गौरव होता तो मुख्यतः साम्यवादी कैद्यांच्या लढ्याचा. ज्यू, रोमा या भटक्या समाजाचे आणि समलिंगी कैद्यांना त्यात फारशी जागा नव्हती. शिवाय १९४५ ते १९५० या काळात त्याच जागी सोव्हिएत फौजांनी आपली छावणी चालवली, सुमारे २८,००० लोकांना कोंडले आणि त्यांतले ७,००० हून अधिक भूक व रोगराईने मेले. याबद्दल १९९० पर्यंत अवाक्षर काढता येत नव्हते. आपल्या आजोबांनी काय केले हा प्रश्न ज्या समाजात घरात विचारलाच गेला नाही, त्या समाजाला आठवण ही सरकारी सोहळ्याची गोष्ट वाटली तर नवल नाही.

आणखी एक तपशील मुलाला जरूर सांगा. नाझी पक्षाचा माणूस कोणत्याही जर्मन राज्यात पहिल्यांदा मंत्री झाला तो जानेवारी १९३० मध्ये, आणि ते राज्य थुरिंगियाच होते. विल्हेल्म फ्रिक त्याचे नाव. त्याच्याकडे गृहखाते होते आणि शिक्षणखातेही होते. इतर पक्षांना बहुमताला थोडी मते कमी पडत होती, म्हणून त्यांनी त्याला सोबत घेतले.

केम्निट्झकर

शिक्षकांचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, पण मला त्याचा रोख पटत नाही. मी गेली बारा वर्षे शेजारच्या सॅक्सनी राज्यात मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात काम करतो आणि माझ्या विभागातले निम्मे लोक एएफडीला मत देतात, हे ते स्वतः मला सांगतात. त्यांना इतिहास माहीत नाही असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. १९९० साली दोन्ही जर्मनी एक झाल्यानंतर इथले कारखाने एकामागून एक बंद पडले किंवा कवडीमोलाने विकले गेले, तरुण पोरे आणि त्यातही मुली पश्चिमेला निघून गेल्या, गावातली शाळा बंद झाली, मग डॉक्टर गेला, मग बस गेली. चाळिशीत बेकार झालेल्या बापाला पाहत जी मुले वाढली, ती आज पन्नाशीत आहेत. त्यांना कुणी स्मारकाची महती सांगू लागला की त्यांना वाटते, आमच्या आयुष्याचे जे झाले त्याचे स्मारक कुठे आहे?

माझ्या मुलीला रात्री ताप चढला तेव्हा गाडी काढून आम्हाला इस्पितळात नेणारा माझा शेजारी याच पक्षाचा मतदार आहे. त्याला नाझी म्हणून मोकळे होणे मला जमत नाही. मतांचे कारण पोटात आणि मानापमानात शोधावे, संग्रहालयात शोधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सावनी_येना

केम्निट्झकर, तुमच्या शेजाऱ्याबद्दल तुम्ही जे लिहिले ते मी दोनदा वाचले. माझ्याबरोबर दगड घासणाऱ्या आजींनी कोणाला मत दिले हे मी कधी विचारलेले नाही, आणि विचारायची मला भीती वाटते हेही खरे आहे.

पण मते फक्त पोटापायी पडतात असे असेल, तर त्या पक्षाच्या पुढाऱ्यांना इतिहासाची एवढी निकड का वाटते? आमच्या राज्यात पक्षाचे नेतृत्व करणारे ब्यर्न ह्योके राजकारणात येण्यापूर्वी इतिहासाचे शिक्षक होते. जानेवारी २०१७ मध्ये ड्रेस्डेनच्या सभेत त्यांनी बर्लिनच्या स्मारकाला ‘लज्जेचे स्मारक’ म्हटले आणि स्मृतीच्या राजकारणात १८० अंशांचे वळण हवे अशी मागणी केली. पुढच्या वर्षी त्यांच्या पक्षाचे ज्येष्ठ नेते अलेक्झांडर गाउलांड यांनी हिटलरची बारा वर्षे म्हणजे हजार वर्षांच्या यशस्वी इतिहासावर पडलेली पक्ष्याची शीट, असे उद्गार काढले. नाझी वादळी पथकाची बंदी असलेली घोषणा सभेत दिल्याबद्दल हाले येथील न्यायालयाने मे २०२४ मध्ये ह्योके यांना १३,००० युरो दंड ठोठावला. ही घोषणा त्या पथकाची होती हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे इतिहासाच्या या शिक्षकाने न्यायालयात सांगितले.

कारखाना बंद पडल्याच्या दुःखाला या कशाचीच गरज नाही. लोकांच्या खऱ्या दुःखाला हाताशी धरून कुणीतरी दुसरेच काही विकत आहे, असे मला वाटते.

दूरदेशी

केम्निट्झकरांच्या मुद्द्यात एक भर घालतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये गेल्झेनकिर्शेन आणि कायझर्सलाउटर्न या पश्चिमेतल्या मतदारसंघांतही याच पक्षाला सर्वाधिक पक्षमते (उमेदवाराला नव्हे, पक्षाला दिलेली मते) पडली, तेव्हा केवळ साम्यवादी राजवटीच्या वारशावर बोट ठेवून भागणार नाही. गेल्झेनकिर्शेन हे बंद पडलेल्या कोळसा खाणींचे गाव आहे.

ओवी

मला थोडे कडवट लिहायचे आहे, तरी गैरसमज नसावा. युरोप ज्याला आठवण म्हणतो ती नेहमी युरोपातच सुरू होऊन युरोपातच का संपते? जर्मन सैन्याने १९०४ ते १९०८ या काळात आजच्या नामिबियात हेरेरो आणि नामा लोकांची कत्तल केली, उरलेल्यांना वाळवंटात हाकलले, छावण्यांत कोंडले. तो नरसंहार होता हे जर्मन सरकारने मान्य केले ते मे २०२१ मध्ये. १९४३ साली ब्रिटनचे सरकार फॅसिझमशी लढत होते त्याच वेळी बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. लंडनमध्ये त्यांचे दगड कुणी बसवले?

आणखी ताजे उदाहरण द्यायचे तर बुखेनवाल्डचेच देता येईल. एप्रिल २०२५ मध्ये छावणीच्या मुक्तीला ८० वर्षे झाली. त्या सोहळ्यात ओम्री बोम या इस्रायली-जर्मन तत्त्वज्ञाचे भाषण ठरले होते. त्यांच्या आजी नाझींनी केलेल्या ज्यूंच्या नरसंहारातून वाचलेल्या होत्या. इस्रायली सरकारच्या दबावामुळे ते भाषण पुढे ढकलावे लागले, असे स्मारकाच्या संचालकांनीच सांगितले. गाझामध्ये मुले मरत असताना ‘पुन्हा कधीही नाही’ हे वाक्य कुणाकुणासाठी आहे, हा प्रश्न तरुणांना पडतो, आणि त्याचे उत्तर टाळले गेले की त्यांचा सगळ्याच सोहळ्यावरचा विश्वास उडतो.

जुना_इतिहासशिक्षक

ओवी, तुमचा कडवटपणा अनाठायी नाही. मात्र एक लक्षात घ्या. नामिबियाचा प्रश्न जर्मनीत ऐरणीवर आला तो, एका अपराधाकडे पाहायची सवय ज्यांना लागली होती अशा लोकांनी दुसऱ्याकडेही पाहायला सुरुवात केली म्हणून. १८० अंशांचे वळण मागणाऱ्यांना बुखेनवाल्डही नको आहे आणि नामिबियाही नको आहे. तेव्हा आपला राग आठवणीच्या अपुरेपणावर असावा. आठवण पुसणाऱ्यांच्या हाती त्याचा आयता फायदा जाऊ नये.

ते संचालक म्हणजे येन्स-ख्रिस्टिआन वाग्नर. त्यांनी २०२४ च्या निवडणुकीपूर्वी राज्यातल्या तीन लाखांहून अधिक ज्येष्ठ मतदारांना पत्र पाठवून एएफडीच्या इतिहासविषयक भूमिकेबद्दल सावध केले होते. त्यानंतर त्यांना धमक्या आल्या. हेही या धाग्यात नोंदलेले असावे.

पंचगंगाकाठ

मी कोल्हापूरचा. आमच्या गावाजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, बहुतेक बायका आणि मुले. सोव्हिएत राजवटीने त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकले होते. तिथून इराणमार्गे ती आपल्याकडे आली. वसाहतीत शाळा होती, चर्च होते, नाटकेही होत. माझी आजी सांगायची की त्या बायका बाजारात भाजी घेताना मोडकेतोडके मराठी बोलायच्या, आणि एकीने तिला टाच असलेले लोकरीचे मोजे विणायला शिकवले होते. तसेच मोजे आजीने आम्हा सगळ्या नातवंडांना विणले. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे आणि वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे.

हे सांगायचे कारण असे की, ज्या देशाच्या माणसांना परक्यांनी आसरा दिला, त्याच देशाच्या संसदेत डिसेंबर २०२३ मध्ये ग्झेगोश ब्राउन या अतिउजव्या खासदाराने ज्यूंच्या हनुक्का सणाचे दिवे अग्निशामक नळकांड्याची पूड मारून विझवले. ती चित्रफीत मी पाहिली. पूड सगळ्या दालनात पसरली होती आणि एक बाई त्याला अडवत होत्या. २०२५ च्या अध्यक्षीय निवडणुकीत पहिल्या फेरीत या माणसाला सहा टक्क्यांहून अधिक मते पडली, आणि त्यानंतर त्याने आउश्वित्झच्या वायुकोठड्याच नाकारल्या. आउश्वित्झ त्यांच्याच देशात आहे. आजी आज असती तर तिला हे कसे सांगितले असते, मला कळत नाही.

माणगावकर

पंचगंगाकाठ यांच्या प्रतिसादावरून आमच्या तालुक्याची आठवण द्यावीशी वाटते. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सगळे पडले किंवा जखमी झाले. ते एकटे शत्रूच्या त्या मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले, बाँब टाकला, बंदुकीतल्या गोळ्या संपल्यावर दस्त्याने लढले आणि ठाणे घेतले. लगेच पलीकडून आलेल्या गोळ्यांनी ते तिथेच पडले. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी कुठेही नाही. इटलीतल्या कसीनोच्या युद्धस्मारकावर नाव आहे. जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने या गावाने त्यांच्या स्मरणार्थ छायाघड्याळाचे स्मारक उभारले. इटलीच्या मोहिमेत पाच हजारांहून अधिक भारतीय सैनिक मेले.

त्याच इटलीत आज सत्तेत असलेल्या मुख्य पक्षाच्या चिन्हात तिरंगी ज्योत आहे, आणि ती मुसोलिनीच्या अनुयायांनी युद्धानंतर काढलेल्या पक्षाकडून आलेली आहे. लोकशाही मार्गाने निवडून आलेले सरकार आहे, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण ज्या राजवटीविरुद्ध लढताना आमच्या गावचा पोरगा गेला, तिच्या वारशातली ज्योत चिन्हावरून काढावी असे त्यांना अजून वाटू नये, याचे वाईट वाटते. आपला या इतिहासाशी संबंध काय, असे कुणी विचारले तर मी पळसगावचे नाव सांगतो.

व्हिएन्नातली_मी

ऑस्ट्रियाबद्दल थोडक्यात लिहिते. इथे युद्धानंतर अनेक दशके ‘आम्ही हिटलरचे पहिले बळी’ हीच अधिकृत भूमिका होती. १९३८ साली व्हिएन्नाच्या चौकात त्याच्या स्वागताला लोटलेली गर्दी सगळ्यांना ठाऊक असूनही, सहभागाची कबुली चॅन्सेलर व्रानित्स्की यांनी संसदेत दिली ती १९९१ मध्ये. इथल्या फ्रीडम पार्टीचा पहिला अध्यक्ष एसएस या हिटलरच्या निमलष्करी संघटनेचा माजी अधिकारी होता, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तोच पक्ष सुमारे २९ टक्के मते घेऊन पहिला आला. त्यामुळे जुना_इतिहासशिक्षक म्हणतात ते मला पटते. बळींची आठवण काढणे तुलनेने सोपे आहे. ‘आपण कोण होतो’ ही आठवण अवघड आहे.

आरेखक

मी यंत्रअभियंता आहे आणि एर्फुर्टला, म्हणजे सावनीताईंच्या जवळच, तीन वर्षे होतो. तिथे टोप्फ आणि पुत्र या कंपनीच्या जुन्या इमारतीत २०११ पासून एक स्मृतिस्थळ आहे. धान्याला मोड आणून मद्यनिर्मितीसाठी तयार करण्याची यंत्रे हा या कंपनीचा मुख्य धंदा. बुखेनवाल्ड आणि आउश्वित्झच्या दहनभट्ट्या याच कंपनीने बनवल्या, वायुकोठड्यांची हवा खेळवण्याची यंत्रणाही बसवली, आणि एकूण उलाढालीत त्या कामाचा वाटा अगदी छोटा होता. म्हणजे हे काम नाकारले असते तर कंपनी बुडाली नसती.

वरच्या मजल्यावर आरेखनाच्या टेबलांची जागा आहे. तिथल्या खिडकीतून एटर्सबर्गचा डोंगर दिसतो, ज्याच्यावर बुखेनवाल्ड होते. मी त्या खिडकीपाशी बराच वेळ उभा होतो. कागदपत्रांमध्ये आम्ही रोज लिहितो तसलाच मजकूर आहे: तापमान, क्षमता, पुरवठ्याची तारीख, दुरुस्तीची हमी. एका अभियंत्याने १९४२ मध्ये अनेक मजली, सतत चालणाऱ्या भट्टीच्या पेटंटसाठी अर्जही केला होता. त्याला तसे करायला कुणी सांगितलेले नव्हते; आपले यंत्र अधिक चांगले व्हावे एवढीच त्याची ओढ होती. कंपनीच्या पत्रांच्या शेवटी असणारे वाक्य आता इमारतीच्या दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावले आहे, त्याचा अर्थ ‘आपल्या सेवेत सदैव आनंदाने तत्पर’.

मी बुखेनवाल्डही पाहिले आहे, पण माझी झोप उडाली ती एर्फुर्टला. छावणीत मी बळींच्या जागी स्वतःला कल्पू शकत नव्हतो. त्या टेबलापाशी मात्र मला माझी खुर्ची दिसली. सावनीताई, मुलाला तिथे जरूर न्या.

दीपमाळ

आरेखक, तुमचा प्रतिसाद संग्रही ठेवला आहे.

मला आपल्याकडच्या एका गोष्टीबद्दल लिहायचे आहे, आणि ती विषयाला धरूनच आहे. पुण्यात पदपथावरच्या पुस्तकांत हिटलरचे आत्मचरित्र व्यवस्थापनाच्या आणि यशस्वी होण्याच्या पुस्तकांशेजारी मांडलेले असते. आमच्या शाळेत कडक मुख्याध्यापकांना आम्ही कौतुकाने हिटलर म्हणायचो. माझा भाचा शिकायला जर्मनीत गेला तेव्हा वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात त्याने सहज, चांगल्या हेतूने, ‘आमच्याकडे त्याच्या शिस्तीबद्दल लोकांना आदर आहे’ असे सांगितले. समोरची मुले गप्प झाली. त्यांतल्या एकीने त्याला दुसऱ्या दिवशी सोबत नेऊन दगडांवरची नावे दाखवली. तो मला म्हणाला, “मामी, मला शाळेत तारखा शिकवल्या, ही नावे कुणी शिकवली नव्हती.” तेव्हा जर्मन शाळांची मेहनत वाया गेली असे मी म्हणणार नाही. त्या मुलीला ती कुणीतरी शिकवली होतीच.

केम्निट्झकर

आरेखकांचा प्रतिसाद वाचून दोन दिवस काही लिहिले नाही. माझे मूळ मत मी सोडलेले नाही. बस आणि डॉक्टर परत आले तर मते कमी होतील असे मला अजूनही वाटते. पण माझ्या मांडणीत एक भोक होते. माझा शेजारी भला माणूस आहे म्हणून त्याच्या मताचा परिणामही भला असेल, असे मी नकळत धरून चाललो होतो. त्या कंपनीतली माणसेही कुणाचे तरी भले शेजारी असणार, कुणाच्या तरी तापलेल्या पोराला त्यांनीही रात्री इस्पितळात नेले असणार.

मी शनिवारी त्याच्याशी बोललो. वाद घातला नाही. तुझे आजोबा युद्धात कुठे होते, एवढेच विचारले. तो म्हणाला, “पूर्वेला होते, परत आले नाहीत, आजीने कधी विषय काढू दिला नाही.” मग त्याने स्वतःहून एक पत्र्याचा डबा आणला. त्यात फोटो होते आणि त्यांतल्या एकाच्याही मागे जागेचे नाव लिहिलेले नव्हते. आम्ही दोघे ते फोटो उलटसुलट करून पाहत बसलो.

ओवी

केम्निट्झकर, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मी आधी जे लिहिले त्याचाही अर्थ मला आता जरा निराळा लागतो आहे.

सावनी_येना

सर्वांचे आभार. मुलाच्या वर्गाची भेट गेल्या गुरुवारी झाली. पालकांपैकी दोघांना सोबत यायला परवानगी होती, त्यांत मी होते.

वायमारच्या स्थानकासमोरून सहा क्रमांकाची बस डोंगरावर जाते. गटे आणि शिलर या जर्मन कवींचे पुतळे जिथे आहेत त्या चौकापासून छावणी फार तर दहा किलोमीटर. १९३७ ते १९४५ या काळात तिथे सुमारे २,८०,००० माणसे कोंडली गेली आणि ५६,००० मारली गेली. फाटकाच्या लोखंडी जाळीत ‘ज्याला त्याचे’ अशा अर्थाची अक्षरे आहेत आणि ती आतून सुलटी वाचता येतात, म्हणजे कैद्यांनी ती रोज वाचावीत अशी योजना होती. अक्षरे घडवणारा फ्रान्झ एर्लिश स्वतः कैदी होता आणि बाउहाउस या प्रसिद्ध कलाशाळेचा विद्यार्थी होता. नाझींना नकोशा असलेल्या त्या शाळेचीच अक्षरशैली त्याने वापरली आणि पहारेकऱ्यांना ते कळले नाही. फाटकावरचे घड्याळ सव्वातीनला थांबवलेले आहे, ११ एप्रिल १९४५ च्या मुक्तीची वेळ म्हणून.

हजेरीच्या विस्तीर्ण मैदानात जमिनीत एक धातूची पट्टी बसवली आहे, तिच्यावर कैद्यांच्या देशांची नावे आहेत. ती वर्षभर ३७ अंश तापमानाला ठेवतात, माणसाच्या अंगाइतकी. त्या दिवशी डोंगरावर बोचरा वारा होता आणि मुलांचे हात गारठले होते. एकेकाने खाली बसून हात टेकवला. माझा मुलगा उठायलाच तयार नव्हता, शिक्षिका दोनदा हाक मारून गेल्या.

घरी येताना तो एक शब्द बोलला नाही. रात्री जेवताना म्हणाला, “आपल्या दारातल्या त्या दोघींना नेल्यावर त्यांच्या घरात कोण राहायला आले? त्यांची कपाटे, भांडी कुठे गेली?” मी शोधायला लागले. थुरिंगियातल्या ज्यूंना मे १९४२ मध्ये वायमारच्या स्थानकाजवळ गुरांच्या लिलावाच्या मंडपात रात्रभर ठेवले आणि १० मे रोजी पूर्वेकडे रवाना केले, एवढे मला ठाऊक होते. मागे राहिलेल्या घरातल्या वस्तू सरकारी वित्त कार्यालये जाहीर लिलावात विकत असत आणि आसपासचे लोक त्या घेत असत, हे मला ठाऊक नव्हते. चमचे, चादरी, लहान मुलांच्या खुर्च्या अशा वस्तूंच्या याद्या आणि घेणाऱ्यांची नावे कित्येक ठिकाणी अजून जपलेली आहेत.

रविवारी ९ नोव्हेंबरला दगड घासताना मुलाने हाच प्रश्न शेजारच्या आजींना विचारला. मी त्याला थांबवणार होते. त्यांचा जन्म १९४१ चा आणि जन्मापासून त्या याच गल्लीत राहिलेल्या. त्या बराच वेळ त्याच एका अक्षरावरून कापड फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “आमच्या घरात याबद्दल कुणी बोलले नाही. आणि मीही विचारले नाही.” थोड्या वेळाने त्यांनी त्याला विचारले, ते कागद कुणालाही पाहता येतात का?

राज्य अभिलेखागाराने डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली वेळ दिली आहे. आमच्या पत्त्याची यादी शिल्लक आहे की नाही ते तिथे गेल्यावरच कळेल. आजी येणार आहेत. जाताना एर्फुर्टला उतरून आरेखकांनी सांगितलेली खिडकी पाहायचेही ठरले आहे. मुलाला त्या दिवशी शाळेतून रजा लागेल. अर्जात कारण काय लिहायचे ते त्याने माझ्याकडून घेतले नाही, स्वतःच लिहिले: ‘आमच्या घरात पूर्वी कोण राहत होते, ते पाहायला जायचे आहे.’